घड्याळात न उतरलेले मैल : वेग, दमसास आणि पुराव्याचा पक्षपात

धागा.

नागपूर दक्षिणेकडे जिथे वाढत चालले आहे, त्या बेसा-पिपळा परिसरात पहाटे पाचच्या आगेमागे ले-आउटच्या रिकाम्या रस्त्यांवर धावणाऱ्या मुलामुलींचे घोळके दिसतात. हौशी मॅरेथॉनपटू त्यांत थोडे. बहुतेकांचे लक्ष पोलीस भरती, राज्य राखीव पोलीस दल किंवा अग्निवीर यांच्या मैदानी चाचणीकडे असते. तयारीचा साचा ठरलेला असतो : दोन राउंड मारून अंग मोकळे करायचे आणि मग सोळाशे मीटर जीव तोडून पळायचे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

हा साचा शरीराला मानवत नाही, हे वैद्यक आणि क्रीडाशास्त्र या दोन्हींच्या अंगाने अनेकांनी सांगितले आहे. तरी तो टिकून आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ हल्ली इतिहास उभा केला जातो. झाटोपेक साठ-साठ वेळा चारशे मीटर पळत असे. हार्बिगचा विक्रम इंटरव्हलमधून आला. अविनाश साबळेची शेवटची फेरी पाहा. सारांश एकच : विजेते वेगाने सराव करतात, सावकाश पळणे हा वेळेचा अपव्यय आहे. हा इतिहास अर्धवट आहे. त्यातला जो अर्धा भाग गळला आहे, तो नेमका कोणत्या कारणाने गळला, हे तपासण्यासाठी हा धागा.

प्रथम आकडे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील, तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत अंतर संपवावे लागते. म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. महिलांना ८०० मीटरसाठी २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे फेरीला ८५ सेकंद. दिसायला ही वेगाची परीक्षा आहे. परंतु पाच मिनिटे चालणाऱ्या सर्वशक्तीच्या धावेत सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते, म्हणजे एरोबिक असते. ८०० मीटरमध्येही हा वाटा निम्म्याहून पुष्कळ अधिक असतो.

या आकड्यालाही स्वतःचा इतिहास आहे. १९७०च्या आसपासच्या प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांत असे कोष्टक असे, की दोन मिनिटांच्या कमाल प्रयत्नात एरोबिक आणि ॲनेरोबिक ऊर्जेचा वाटा निम्मा-निम्मा असतो. मोजणीच्या पद्धती सुधारल्या तेव्हा ही समसमान सीमा सव्वा मिनिटाच्या आसपास असल्याचे आढळले. विज्ञान पुढे सरकले. मैदानावर मात्र जुने कोष्टकच तोंडी फिरत राहिले. शिट्टी हातात असलेल्या अनेक मार्गदर्शकांनी आपल्या तरुणपणी जे ऐकले, तेच ते आजच्या मुलांना सांगतात. त्यात दुष्टावा नाही. पण मुलांच्या पायांना त्याने काही फरक पडत नाही.

आता पुराव्याकडे. महाराष्ट्राच्या दीर्घपल्ल्याच्या धावण्याची कथा सांगायची तर सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून करावी लागते. १९१९ मध्ये तिथल्या क्रीडामेळाव्यात दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी मुले पाहिली आणि त्यातूनच पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला भारतीय पथक पाठवण्याचा खटाटोप झाला. त्या पथकात बेळगावकडचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता. २२ ऑगस्ट १९२० रोजी तो मॅरेथॉन धावला. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटर होता, आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर अधिक. चौगुले एकोणिसावा आला, वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन त्याच्यापुढे सुमारे अठरा मिनिटे होता.

दोराबजींनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्या पुण्याच्या मेळाव्याची आठवण आहे. धावणारी मुले शेतात राबणाऱ्या कुटुंबांतली होती, साधे अन्न खात होती, आधुनिक सरावाची त्यांना कल्पना नव्हती, तरीही काहींच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात होत्या, असा त्याचा आशय. पत्र लिहिणारा मनुष्य उदार आणि दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. तरीही 'सराव' या शब्दाची त्याची व्याख्या लक्षात घेतली पाहिजे. धावपट्टी, घड्याळ, प्रशिक्षक यांच्यासह जे घडते ते सराव. शेतावर जाणे-येणे, ओझे वाहणे, दिवसभर पायांवर असणे, वर्षानुवर्षे मंद गतीने हृदय आणि फुप्फुसे कामाला लावणे, हे या व्याख्येत बसत नाही. त्याची नोंद होत नाही. नोंद नसल्यामुळे त्याला 'जन्मजात काटकपणा' असे नाव मिळते.

हे नाव शंभर वर्षे टिकले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, तेव्हा किती लेखांत डोंगर, पाण्याचे हंडे आणि 'रक्तातच असलेले धावणे' आले! नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे केलेला शिस्तीचा सराव दोन ओळींत उरकला गेला. काटकपणाची दंतकथा आणि रोजच्या सोळाशेची दंतकथा परस्परविरोधी वाटतात. एक म्हणते सरावाची गरजच नाही, दुसरी म्हणते दररोज मरेस्तोवर सराव करा. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे : सावकाश, लांब आणि कंटाळवाणे कष्ट कोणीच लिहून ठेवलेले नाहीत.

युरोपात चित्र उलटे होते. तिथे घड्याळ होते, वही होती आणि प्रयोगशाळाही होती. फ्रायबुर्गमध्ये प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी इंटरव्हल पद्धतीला शास्त्रीय रूप दिले. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने जुलै १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून दाखवले आणि तो विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला. या यशाचे जे रूप जगभर पसरले, त्यात होती फेऱ्यांची संख्या आणि त्यांची वेळ. जे पसरले नाही ते असे : त्या पद्धतीत धावताना नाडी मिनिटाला १८० ठोक्यांच्या आसपास न्यायची आणि नंतर ती दीड मिनिटाच्या आत १२० वर उतरते की नाही हे पाहायचे. उतरली नाही, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवायचा. म्हणजे इंटरव्हलच्या जन्मकाळीच तिच्या पोटात थांबण्याचा नियम होता, आणि सगळी भिस्त धावेइतकीच विश्रांतीवर होती. बेसातल्या रस्त्यापर्यंत फेऱ्या पोहोचल्या. थांबण्याचा नियम वाटेत कुठेतरी सांडला.

झाटोपेकचे काय? १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, अशी तीन सुवर्णपदके मिळवली. त्याच्या साठ फेऱ्यांचा उल्लेख खरा आहे. पण साधा गुणाकार करावा. साठ गुणिले चारशे म्हणजे २४ किलोमीटर. मधल्या जॉगिंगचे अंतर धरले तर दिवसाची बेरीज तीस किलोमीटरच्या पुढे जाते. जगातला कोणताही मनुष्य एवढे अंतर जीव तोडून पळू शकत नाही, झाटोपेकही नाही. तो लष्करात होता, जंगलातल्या वाटांवर जड बूट घालून पळत असे. त्या फेऱ्यांचे नाव इंटरव्हल असले तरी त्यांचा परिणाम प्रामुख्याने एरोबिकच होता. 'साठ वेळा चारशे' हा आकडा पाहून जो मुलगा आठ वेळा चारशे संपूर्ण वेगाने मारतो, तो झाटोपेकचे अनुकरण करत नाही. तो दुसरेच काहीतरी करतो आणि त्याला झाटोपेकचे नाव देतो.

स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी १९३०च्या दशकात 'फार्टलेक' म्हणजे वेगाशी खेळ हा प्रकार रुजवला : जंगलात लांब धावायचे आणि मन म्हणेल तिथे वेग वाढवायचा. त्याच स्वीडनचा गुंडर हॅग १९४५ मध्ये एक मैल ४ मिनिटे १.४ सेकंदांत धावला. हा प्रकार रील करणाऱ्यांना फारसा भावत नाही, कारण 'मन म्हणेल तिथे' या शब्दांचे कोष्टक करता येत नाही.

आणि मग न्यूझीलंड. या वादातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अधिक विपर्यस्त झालेला अध्याय हाच आहे. ऑकलंडच्या एका बुटांच्या कारखान्यात काम करणारा आर्थर लिडियार्ड हा काही शास्त्रज्ञ नव्हता. त्याने वर्षानुवर्षे स्वतःवरच प्रयोग केले, कधी कमी, कधी अतोनात धावून पाहिले आणि आठवड्याला शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, या आकड्यावर तो स्थिरावला. आश्चर्य असे, की हा पाया त्याने फक्त मॅरेथॉनपटूंसाठी राखला नाही. ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही त्याने वाइटाकेरे डोंगरांतल्या बावीस मैलांच्या चढउताराच्या फेरीवर नेले. समकालीनांना हा वेडेपणा वाटला. दोन मिनिटांच्याही आत संपणाऱ्या शर्यतीसाठी तासन्‌तास धावायचे?

२ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये स्नेलने ८०० मीटरचे सुवर्ण जिंकले. त्यानंतर तासाभरात मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे. बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळवले. तिघेही लिडियार्डच्या तालमीतले. पुढची घटना याहूनही बोलकी आहे. डिसेंबर १९६१ मध्ये स्नेलने एक संपूर्ण मॅरेथॉन पळून काढली. २७ जानेवारी १९६२ रोजी वांगानुईच्या गवताच्या धावपट्टीवर त्याने एक मैलाचा विश्वविक्रम मोडला, ३ मिनिटे ५४.४ सेकंद. आणि त्यानंतर आठवड्याभरात क्राइस्टचर्चला ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत. लांब धावण्याने वेग मरतो, असे बेसात आजही सांगितले जाते. या तीन तारखा त्या विधानापुढे ठेवाव्यात.

मात्र इथेच दुसऱ्या बाजूचेही उत्तर द्यायला हवे. लिडियार्डच्या नावावर 'फक्त लांब आणि सावकाश पळा' हा पंथ पुढे उभा राहिला. अमेरिकेत १९६९ मध्ये जो हेंडरसन यांचे लांब, सावकाश अंतराचा पुरस्कार करणारे छोटे पुस्तक आले आणि दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली. लिडियार्डची योजना एवढ्यावर कधीच संपत नव्हती. पाया झाला की काही आठवडे चढावर उड्या घेत धावणे. त्यानंतर धावपट्टीवरचा तीव्र वेगाचा सराव. आणि शर्यत जवळ आली की अंतर कमी करून धार लावणे. वेगाला त्याच्या योजनेत मानाचे स्थान होते, फक्त ते शेवटी होते आणि मोजके होते. भांडण वेग विरुद्ध दमसास असे नव्हतेच. प्रश्न क्रमाचा आणि प्रमाणाचा होता. पुढे स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सत्रे सहज बोलता येईल इतक्या हलक्या तीव्रतेची आढळली. सावकाश धावेला दप्तरात जागा मिळाली ती अशी, उशिरा.

न्यूझीलंड दूर वाटत असेल तर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात यावे. मोही गावच्या ललिता बाबरने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला, २०१२ ते २०१४. त्यानंतर ती ३,००० मीटर स्टीपलचेजकडे वळली, जी साडेनऊ मिनिटांत संपणारी शर्यत आहे. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आठवी, २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि अंतिम फेरीत दहावे स्थान. १९८४च्या पी. टी. उषांनंतर ऑलिम्पिक धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. बेचाळीस किलोमीटर पळणारी मुलगी तीन किलोमीटरमध्ये 'मंद' व्हायला हवी होती. ती देशातली सर्वांत वेगवान झाली.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची शेवटची फेरी मोबाईलवर हजारदा पाहिली जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीला त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला, हे त्या चित्रफितीसोबत कोणी जोडत नाही. मे २०२२ मध्ये त्याने ५,००० मीटरचा तीस वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेजमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्णापासून पाच शतांश सेकंदांवर. ती शेवटची फेरी त्या एकवीस किलोमीटरच्या दमसासावर उभी आहे. चित्रफितीत फेरी दिसते. एकवीस किलोमीटर एका मिनिटाच्या रीलमध्ये मावत नाहीत.

बेसाच्या मुलांच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. पोलीस भरतीत १०० मीटरलाही १५ गुण असतात, त्यामुळे निखळ वेग टाकून चालत नाही. ज्याला एक फेरी सत्तर सेकंदांत मारताच येत नाही, त्याला साडेसत्त्याहत्तरच्या चार फेऱ्या सलग कशा जमणार? हे बरोबर आहे. म्हणूनच आठवड्यात एक-दोन दिवस वेगाला द्यावेत, पूर्ण विश्रांती घेत, ताजेतवाने असताना द्यावेत, आणि उरलेले दिवस संभाषण करता येईल अशा गतीला. थकलेल्या पायांनी मारलेला रोजचा सोळाशे वेगही वाढवत नाही आणि दमसासही. तो मधल्या कुठल्यातरी गतीत अडकून पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. हाडांना अधिक काळ लागतो. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोज कमाल वेगाने धावणाऱ्याच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो तेव्हा दीड-दोन महिने वाया जातात. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या मुलासाठी ते दोन महिने म्हणजे संपूर्ण भरती असू शकते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात तर उन्हाळ्यापुरती तीव्रता उतरवावीच लागते. ऊन चढल्यावर घामाघूम होणे म्हणजे सराव चांगला झाला, ही समजूत धोकादायक आहे.

दुसरा युक्तिवाद याहून वजनदार : पाया घालायला वेळ कुठे आहे? लिडियार्ड शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत येत असे. ऑलिम्पिकची तारीख त्याला काही वर्षे आधी ठाऊक होती. भरतीच्या उमेदवाराला काय ठाऊक असते? '२०२१ची' म्हणून ओळखली जाणारी पोलीस भरती मैदानावर आली ती जानेवारी २०२३ मध्ये. '२०२२-२३ची' आली ती जून २०२४ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. सैन्यभरती करोनाकाळात थांबली आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेच्या रूपाने नियम बदलूनच परतली. ज्या शर्यतीची तारीखच माहीत नाही, तिच्यासाठी क्रमाने तयारी करता येत नाही. मग माणूस रोज शर्यतच पळतो. बेसातल्या साच्याचा दोष एकट्या मार्गदर्शकाच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. अनिश्चिततेने तो साचा घडवला आहे.

शासनाचा या प्रश्नावरचा प्रतिसादही इतिहासात नोंदलेला आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर अंतर तीन किलोमीटरवर आणले गेले आणि पुढे शिपाई पदासाठी सोळाशे मीटर झाले. राज्य राखीव पोलीस दलासाठी पाच किलोमीटर कायम राहिले. अंतर घटले, तशी अपेक्षित गती वाढली. अपुऱ्या पायावर केलेला तीव्र प्रयत्न हा मूळ धोका असेल, तर या बदलाने तो पुढे सरकवून रोजच्या सरावात नेऊन ठेवला, जिथे ना रुग्णवाहिका उभी असते, ना कोणी नोंद घेते. मैदानी चाचणीचा महिना निदान सहा महिने आधी जाहीर करावा, एवढी साधी मागणी आजवर कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे आलेली दिसत नाही. सहा महिन्यांत पहिले चार महिने पायाला आणि उरलेले दोन वेगाला देता येतात. बेसा-पिपळ्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांना तेवढे पुरते.